सारस, झुडपी जंगल आणि ग्रामसभा

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काही जणांच्या मनात एक शंका आली असणार, आणि ती रास्त आहे. धानाच्या भावाचा प्रश्न सुटलेला नाही, गोसेखुर्दच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाची रड संपलेली नाही, तरुण पोरे कामासाठी नागपूर-हैदराबादची वाट धरतात. अशा वेळी वाघ, सारस आणि त्यांचे कायदे यांवर तास-दीड तास घालवणे ही पोट भरलेल्या माणसांची चैन नव्हे काय? या शंकेचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघाने अशोक मेहतांना लोकसभेत पाठवले. त्यापूर्वी तीनच वर्षे, म्हणजे १९५१ मध्ये, जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी संपुष्टात आली होती. मालगुजाराच्या ताब्यातील तलाव, पडीत, चराईची राने आणि झुडपे सरकारकडे आली. जमीन कोणाची, हा प्रश्न त्या वेळी आपल्या चळवळीच्या केंद्रस्थानी होता. आज मी ज्या कायद्यांविषयी बोलणार आहे ते वरवर पाहता पशुपक्ष्यांचे कायदे आहेत. पण त्यांच्या कलमांतून फिरू लागलो की आपण पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. गावाच्या सामाईक जमिनीचे आणि पाण्याचे काय करायचे, आणि ते ठरवायचे कोणी? दुर्मीळ प्राण्यांचे संरक्षण आज ज्या रीतीने सैल होत आहे, त्याच रीतीने आणि बहुधा त्याच दुरुस्तीने, गावकऱ्यांचा या सामाईक संपत्तीवरील हक्कही सैल होत आहे. एवढी एकच गोष्ट मला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

प्रथम थोडा इतिहास. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संसदेने १९७२ साली केला. नागझिऱ्याचे अभयारण्य त्याच्याही आधी, १९७० मध्ये जाहीर झाले होते आणि नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही राने आपल्या भंडारा जिल्ह्यातच होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीविषयी आपल्या मनात कटुता आहे आणि ती योग्यच आहे, कारण ती आणीबाणीचे अपत्य होती. परंतु त्याच दुरुस्तीने वने आणि वन्य प्राणी हे विषय समवर्ती सूचीत आले आणि पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. १९८० मध्ये वन (संवर्धन) अधिनियम आला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर राज्य सरकारला केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, हे त्याचे साधे सार. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात निर्णय दिला की 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तोच धरावा. जमीन कोणाच्याही मालकीची असो, सरकारी दप्तरात तिची नोंद कशीही असो, ती वन असेल तर १९८० चा कायदा तिला लागू होईल.

हे कायदे निर्दोष होते असे मी म्हणत नाही. त्यांनी गरिबांवर केलेल्या अन्यायाविषयी मी पुढे बोलणारच आहे. परंतु या कायद्यांनी बांधकाम, खाणी आणि रस्ते यांच्या मार्गात एक दरवाजा उभा केला आणि त्या दरवाजावर थांबून परवानगी मागण्याची सक्ती केली, हे त्यांचे मोल नाकारता येणार नाही.

हे संरक्षण आता कसे कमी होत आहे? कोणी उठून अधिनियम रद्द केला असे घडलेले नाही. उलट २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातील दंडाच्या रकमा वाढल्या आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंध कायद्यात आले. प्राण्यांच्या अनुसूच्या सहावरून चारवर आणल्या तरी संरक्षित प्राण्यांची यादी लांबलचकच आहे. कायद्याचे पुस्तक उघडणाऱ्याला वाटावे की सर्व काही ठीक चालले आहे. बदल होतो तो व्याख्येत. 'वन' कशाला म्हणावे, 'पाणथळ' कशाला म्हणावे, याची वाक्ये बदलतात, आणि प्राण्याला धक्का न लावता तो जिथे राहतो ती जमीन कायद्याच्या बाहेर जाते. हे मोघम बोलणे आहे असे वाटू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यातील तीन उदाहरणे घेतो.

पहिले उदाहरण तलावाचे. आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब आणि असंख्य अनाम मजुरांचे श्रम आहेत. या तलावांवर धान पिकला, ढिवर समाजाची मासेमारी चालली, गुरांना पाणी मिळाले. याच तलावांच्या उथळ कडेला देवधान उगवते, आणि याच तलावांच्या व धानाच्या बांध्यांच्या आधाराने सारस जगला. महाराष्ट्रात सारस म्हणण्यासारखा उरला आहे तो गोंदिया आणि भंडारा या दोनच जिल्ह्यांत. भंडाऱ्यात तर त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या पक्ष्याच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

सारस अभयारण्यात राहणारा पक्षी नव्हे, हे ध्यानात घ्या. तो शेतकऱ्याच्या बांधीत पाणी साचले की गवत-काड्यांचा ढीग रचून घरटे करतो, एक किंवा दोन अंडी घालतो, आणि नर-मादी आळीपाळीने ती उबवतात. ती बांधी ज्याची असते त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर ते घरटे टिकते. म्हणजे हा पक्षी राखला तो वनखात्याने नव्हे, तर धान उत्पादक शेतकऱ्याने. वनखाते त्याची मोजदाद करते, पण त्याचे घर वनखात्याच्या हद्दीत नाही.

मग त्याच्या घराला संरक्षण देणारा कायदा कोणता? पाणथळ जागांचे नियम. २०१० मध्ये केंद्राने हे नियम केले तेव्हा पाणथळ जागांच्या व्याख्येत तलाव आणि जलाशय यांचा समावेश होता. धानाची शेती त्या वेळीही वगळलेली होती, पण तलाव आत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहाच्या साहाय्याने तयार झालेल्या यादीतील दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांना त्या नियमांच्या तत्त्वानुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुने नियम जाऊन नवे नियम आले. नव्या व्याख्येने पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी आणि सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय वगळून टाकले. आता मला सांगा, भंडारा जिल्ह्यातील कोणता तलाव सिंचनासाठी बांधलेला नाही? ज्या तलावांमुळे या जिल्ह्याला नाव मिळाले ते एका वाक्याने पाणथळ असण्याचे थांबले. पाणी तेच, देवधान तेच, पाणपक्षीही तेच. बदलले ते केवळ राजपत्रातील एक वाक्य.

याचा परिणाम पक्ष्यापुरता राहत नाही. तलावाच्या पोटात रस्त्याचा भराव पडला, गावठाणाच्या लगतची बोडी बुजवून प्लॉट पडले, तर पाणथळ जागेचा कायदा दाखवून ते अडवण्याची सोय ग्रामस्थाच्या हाती उरत नाही. तलाव आटला की सारसाची वीण जाते, आणि त्याच वेळी ढिवराचा मासा आणि खालच्या शेतकऱ्याचे शेवटचे पाणीही जाते. सारसाचे नुकसान आपल्याला दिसते, कारण तो मोठा आणि देखणा पक्षी आहे. ढिवराचे नुकसान कोणत्याही गणनेत येत नाही.

दुसरे उदाहरण झुडपी जंगलाचे. महसूल दप्तरातील हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळापासून चराई, जळण आणि निस्तारासाठी राखलेल्या झुडपांच्या जमिनी या नावाने नोंदल्या गेल्या. बड्या झाडांचे जंगल हे इमारती लाकडाचे असते, म्हणून त्याला मान. झुडपी जंगल गोवाऱ्याचे आणि गुरांचे, म्हणून ते पडीत समजले गेले. वनखात्याला ते निकृष्ट वाटले आणि महसूल खात्याला ते वाटपाचे सोयीचे साधन वाटले. पण ससा, लांडगा, खोकड, मुंगूस, तितर, लावा यांच्या दृष्टीने ते जंगलच आहे. एका अभयारण्यातून दुसऱ्या अभयारण्यात जाणारा बिबट्या किंवा वाघ दिवस काढतो तो याच झुडपांत.

१९९६ च्या निर्णयानंतर या जमिनी वनात मोडतात असा अर्थ होत होता. राज्य सरकारची भूमिका मात्र दीर्घकाळ अशी राहिली की त्यांपैकी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वन म्हणून व्यवस्थापनास योग्य नाही आणि ती विकासासाठी मोकळी व्हावी. हा वाद चालू असतानाच २०२३ मध्ये संसदेने १९८० च्या वन कायद्यात मूलभूत दुरुस्ती केली. कायद्याचे नावसुद्धा बदलले, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तो अमलात आला. या दुरुस्तीनुसार हा कायदा दोनच प्रकारच्या जमिनींना लागू व्हावयाचा होता. एक, ज्या जमिनी कायद्याने वन म्हणून अधिसूचित आहेत त्या. दोन, ज्या २५ ऑक्टोबर १९८० रोजी किंवा त्यानंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेल्या आहेत त्या. म्हणजे शब्दकोशातला अर्थ गेला आणि दप्तरातला अर्थ आला. प्राणिसंग्रहालये, सफारी आणि निसर्गपर्यटनाच्या सोयी यांनाही वनेतर वापरातून सूट मिळाली. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राष्ट्रीय महत्त्वाच्या व सुरक्षेशी संबंधित रस्ते-लोहमार्गांना मोकळीक मिळाली.

दप्तर म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तलाठ्याच्या नोंदीत एका शब्दाची फिरवाफिरव व्हायला किती वेळ लागतो आणि तो शब्द दुरुस्त करायला गरीब माणसाची किती वर्षे जातात, हे आपण आयुष्यभर पाहत आलो. निसर्गाचे संरक्षण दप्तरावर सोपवणे म्हणजे ते दप्तर ज्याच्या हातात आहे त्याच्यावर सोपवणे होय.

न्यायालयाने येथे काही प्रमाणात हात दिला. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ चाच अर्थ तूर्त चालू ठेवण्यास सांगितले. आणि २२ मे २०२५ रोजी खास झुडपी जंगलाविषयी निर्णय दिला. या जमिनी वनच आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याचबरोबर १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी घरांसाठी, शेतीसाठी, शाळा-स्मशानांसाठी दिल्या त्यांना अपवाद म्हणून नियमित करण्याची वाट मोकळी केली. त्या तारखेनंतरच्या वाटपाची कारणे आणि जबाबदार अधिकाऱ्यांची नावे सरकारने द्यावीत, असे सांगितले. वाटप न झालेले तीन हेक्टरांहून लहान आणि जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला. अतिक्रमणे हटवण्यासाठी जिल्हावार कृती दलेही नेमण्यास सांगितले.

या निर्णयाचे आपण स्वागत केले पाहिजे, पण डोळे उघडे ठेवून. झुडपी जंगल वाचले हे चांगले झाले. परंतु कृती दल गावात येईल तेव्हा त्याची पहिली धाव कोणावर जाईल? ज्याने दोन एकरांवर तूर पेरली त्या भूमिहीनावर, की ज्याने मोठा तुकडा वळता करून घेतला त्या वजनदार माणसावर? अनुभव काय सांगतो ते आपण जाणता. म्हणून हा निर्णय वनखात्याच्या आणि पोलिसांच्या हाती सोडून आपण घरी बसलो तर जंगल आणि गरीब यांच्यात भांडण लावून देण्याची जुनी खेळी पुन्हा यशस्वी होईल.

तिसरे उदाहरण वाटेचे. 'जय' नावाचा वाघ आपण विसरला नसाल. नागझिऱ्यात वाढलेला हा वाघ २०१३ च्या सुमारास शंभर किलोमीटरहून अधिक चालून पवनीच्या बाजूला, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात येऊन राहिला. वाटेत त्याने शेते, नद्या, गावे आणि महामार्ग ओलांडले. त्याची बहुतेक वाट कोणत्याही अभयारण्याच्या नकाशात नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातील यंत्राचा संदेश थांबला आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. २०१३ मध्येच नवेगाव, नागझिरा आणि आपले कोका मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, ही आनंदाची गोष्ट. पण नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा महामार्ग जातो. बेटावर ठेवलेला वाघ पिढ्या-दोन पिढ्या दिसत राहील. पण त्याच्या वंशात नवे रक्त आले नाही तर ते बेट हळूहळू रिकामे होईल.

या बाबतीत कायद्याने काय साधते याचे उदाहरण दूर नाही. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद करावयाचा होता. लोक न्यायालयात गेले, वन्यजीव कायद्याखालच्या संस्थांनी अटी घातल्या, काम अडले, वर्तमानपत्रांनी 'विकासात खोडा' म्हणून ओरड केली. शेवटी रस्ता ठिकठिकाणी खांबांवर उचलला गेला आणि खालून जनावरांना वाट मिळाली. आज त्या पुलांखालून वाघ, रानकुत्रे आणि हरणे ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. रस्ताही झाला आणि वाटही राहिली. दरवाजावर थांबून विचारण्याची सक्ती होती म्हणून हे घडले. ती सक्ती नसती तर रस्ता सपाट गेला असता आणि कोणाला काही कळलेही नसते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या दरवाजावर उभे कोण आहे? पंतप्रधान ज्याचे अध्यक्ष असतात त्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्ण बैठक २०१२ नंतर थेट मार्च २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात सर्व परवानग्या त्याच्या छोट्या स्थायी समितीने दिल्या. गावाच्या पातळीवर त्याहून गंभीर गोष्ट घडली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळती करण्यापूर्वी हक्कांचा निपटारा आणि ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. ओडिशातील नियमगिरीत याच तत्त्वाच्या बळावर २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी एका बलाढ्य खाण कंपनीला नकार दिला. २०२२ मध्ये वन संवर्धनाचे नवे नियम आले. त्यांनुसार केंद्राची अंतिम मान्यता आधी मिळू शकते आणि वनहक्कांची पूर्तता राज्य सरकारने नंतर करून घ्यायची. सौदा झाल्यावर मालकाला विचारायचे, अशी ही रीत आहे. अशा वेळी ग्रामसभा 'नाही' म्हणाली तरी तिचे 'नाही' कोण ऐकणार?

आता दोन आक्षेपांचा विचार करू. दोन्ही आपल्याच माणसांचे आहेत, म्हणून ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप शेतकऱ्याचा. रात्रीत रानडुकरांचा कळप बांध्या तुडवून जातो. मोहफूल वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली बाई संध्याकाळी परत येत नाही. वाघ राखा असे आम्ही त्या घरात जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचे? या दुःखापुढे आकडे फेकणे अमानुषपणाचे आहे. मृताच्या वारसांना मिळणारी रक्कम २०२२ मध्ये राज्य सरकारने १५ लाखांवरून २० लाख रुपये केली आणि पुढे ती आणखी वाढली. पण पैशाने हा प्रश्न सुटत नाही. रानडुक्कर दुर्मीळ प्राणी नाही, पिकाच्या नुकसानीची पूर्ण आणि वेळेवर भरपाई हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि त्यासाठी लढले पाहिजे. वाघाच्या बाबतीत मात्र एवढे लक्षात घ्या की झुडपे तोडली, वाट बुजवली, भक्ष्य संपले म्हणून तो गावाच्या कडेला येतो. वस्तीस्थान कमी करणारी प्रत्येक दुरुस्ती त्याला गावाच्या आणखी जवळ आणते. त्या दुरुस्तीचा लाभ ज्याला होतो तो मोहफूल वेचायला जात नाही. लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, याला आपल्या परिभाषेत काय म्हणतात ते मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप आदिवासी साथींचा, आणि तो अधिक जुना आहे. ज्या कायद्यांचे गोडवे तुम्ही गाता त्यांनीच आम्हाला आमच्या रानात चोर ठरवले. जळणाची मोळी आणली म्हणून दंड झाला, अभयारण्य झाले म्हणून चराई बंद झाली, गावे उठवली गेली. हे शब्दशः खरे आहे. संरक्षणाचा कायदा गरिबांवर नेहमी कडक आणि खाणीवर नेहमी मऊ राहिला. परंतु त्याचे उत्तर कायदा सैल करणे हे नव्हे. तो सैल होतो तेव्हा गोंड-हलब्यासाठी होत नाही, कंत्राटदारासाठी होतो. मोळी विकणाऱ्या बाईला २०२३ च्या दुरुस्तीने एका काडीचीही सूट दिलेली नाही. सूट मिळाली ती सफारीला आणि पर्यटनाच्या सोयींना. आपली मागणी म्हणून दुहेरी असली पाहिजे. जमिनीचे संरक्षण घट्ट हवे, आणि त्या संरक्षणाची सूत्रे ग्रामसभेच्या हाती हवीत.

ही मागणी हवेतली नाही. तिला कायद्याचा आधार आज आहे. वनहक्क कायद्यात 'वनजमीन' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. अवर्गीकृत, सीमांकन न झालेली आणि मानीव वनेही तीत येतात. सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वन ठरवल्यावर त्या जमिनीवर सामूहिक वनहक्काचा दावा करण्याचा मार्ग आपल्याला अधिक मोकळा झाला आहे. याच कायद्याने निस्ताराचा, चराईचा, जलाशयातील मासळीचा आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या पाचव्या कलमाने तर वन्यजीव, वने, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून हे करून दाखवले. आपल्या जिल्ह्यात हे का होऊ नये?

म्हणून शिबिरातून परत जाताना प्रत्येक साथीने काही ठोस कामे पत्करावीत अशी माझी सूचना आहे.

आपल्या गावाच्या झुडपी जंगलाचे गट क्रमांक, त्यांचे क्षेत्र आणि १९९६ पूर्वी व नंतर झालेली वाटपे यांची यादी तलाठी कार्यालयातून माहितीच्या अधिकाराखाली मिळवावी. न्यायालयाच्या निर्णयानंतर ती यादी जिल्हा प्रशासनाकडे असायलाच हवी. कोणाचे घर अपवादात बसते आणि कोणाचा बंगला बसत नाही, हे गावाला आधी कळले पाहिजे. कृती दल येण्यापूर्वी गरिबांचे कागद तयार असले पाहिजेत.

ग्रामसभेत ठराव करून झुडपी जंगल आणि तलाव यांवर सामूहिक वनहक्काचे दावे दाखल करावेत. दावा प्रलंबित असताना कोणालाही हुसकून लावता येत नाही, हे कायद्याचे वचन अधिकाऱ्यांना वेळोवेळी दाखवून द्यावे.

गावच्या तलावांची नोंद गावानेच करावी. त्यात पाणी किती महिने टिकते, मासेमारी कोणाची, बेशरम किती पसरली, कोणते पक्षी येतात, सारसाचे घरटे कोणाच्या बांधीत होते, हे सर्व असावे. प्रत्येक गावात जैवविविधता समिती आणि तिची नोंदवही असली पाहिजे, असा २००२ चा कायदा आहे. अनेक गावांत ती वही कोरी किंवा बाहेरच्या माणसाने भरलेली असते. ती ढिवराने, गोवाऱ्याने आणि धान लावणाऱ्या बाईने भरली तर उद्या न्यायालयात तो पुरावा होईल. आणि सिंचनाचे तलाव पुन्हा पाणथळ जागांच्या व्याख्येत घ्यावेत, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावातून वर गेली पाहिजे.

शेवटची गोष्ट पक्षाविषयी. समाजवादी चळवळीने जमीन, मजुरी आणि जात या प्रश्नांवर जी बौद्धिक तयारी केली तशी तयारी निसर्गाच्या प्रश्नावर करावयाची बाकी आहे. शहरातील प्राणिमित्रांना जंगलातला माणूस दिसत नाही. विकासाच्या समर्थकांना जंगलही दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. दोन्ही एकत्र पाहण्याची जबाबदारी ज्यांनी सामाईक संपत्तीचा विचार आयुष्यभर केला त्यांच्यावर, म्हणजे आपल्यावर, येते.

ऑगस्टमध्ये धानाची लावणी संपली की सारसाच्या विणीचा हंगाम असतो. आपल्यापैकी अनेक जण त्या दिवसांत रोज बांधीवर असतात. घरटे दिसले तर त्याच्याभोवतीचा धान उभा राहू द्या, आणि त्या शेतकऱ्याचे जे नुकसान होईल ते भरून देण्याची मागणी त्याच आठवड्यात ग्रामसभेत लिहून घ्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करा. आपली भूमिका लोकांना समजावून सांगण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.